चूक आधी कोणी शोधायची?

परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुलं आज पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहेत. मुलगा काय करतो, असं विचारलं की वडील अभिमानाने सांगतात, ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग.’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र त्यांना सांगता येत नाही. बँकेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ते चटकन कळतं. एकाने लिहिलेलं व्हाउचर दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे सरकत नसे. टेस्टर हा तोच दुसरा माणूस. फरक इतकाच, की तो मुद्दाम चुकीची माहिती भरतो आणि यंत्र ती नाकारतं का, ते पाहतो.

पडताळणीआधी समारंभ उरकला तर काय होतं, ते आपण २०१७ साली पाहिलं. जूनमध्ये दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली, अर्ज ऑनलाइन घेतले गेले आणि १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली गेली. मग उघड झालं, की अनेक शेतकऱ्यांच्या नावांपुढे एकच आधार क्रमांक आहे! दोष बँकांच्या माहितीचा की संगणकाचा, यावर वाद रंगला. शेतकरी मात्र बँकेच्या पायऱ्या झिजवत राहिला.

२०२० च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत शहाणपण दिसलं. २४ फेब्रुवारीच्या पहिल्या यादीत प्रत्येक जिल्ह्यातली दोनच गावं होती. एकूण ६८ गावं, १५,३५८ शेतकरी. आपलं नाव, रक्कम पाहायची, पटली तर अंगठा लावायचा, नाही तर तक्रार नोंदवायची. टेस्टिंग म्हणतात ते हेच.

आमच्या शाखेत एकाच गावचे, एकाच नावाचे दोन खातेदार होते. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात गेली. ती चूक आम्हा अधिकाऱ्यांना नव्हे, पासबुक घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला सापडली.

म्हणून तपासणाऱ्याला गाव ठाऊक हवं. माहेरच्या नावाचा सातबारा आणि सासरच्या नावाचं आधार कार्ड, राबून ठसे झिजलेला अंगठा, या गोष्टी परभणीच्या मुलाला शिकवाव्या लागत नाहीत. सरकारी कामाच्या वेळी त्याला कोणी विचारतं का? पुढची कोणतीही यादी निघेल, तेव्हा आधी दोन गावं घ्यावीत आणि ‘हे चुकलं आहे’ म्हणायला लोकांना पुरेसे दिवस द्यावेत. हारतुरे नंतर.