आहार आणि आरोग्य : मधुमेह्याची न्याहारी, साऱ्या घराची न्याहारी



सकाळी आपल्या घरात न्याहारीला काय वाढले जाते, याचा एकदा स्वस्थपणे हिशेब मांडून पाहावा. पोहे, उपमा, इडली, पराठा, पाव, उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी! प्रांत बदलला की पदार्थाचे नाव बदलते, पण पाया बहुधा पिष्टमय पदार्थांचाच राहतो. 100 ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे 77 ग्रॅम कर्बोदके असतात; रव्यात 70 ते 75, तर साबुदाण्यात 85 ग्रॅमहून अधिक. एका माणसाच्या बशीसाठी 60 ग्रॅम पोहे घेतले, त्यात थोडा बटाटा पडला आणि सोबत दोन चमचे साखरेचा चहा आला, म्हणजे 60 ग्रॅमच्या वर कर्बोदके एका बैठकीत पोटात जातात. त्या मानाने प्रथिने मात्र नावापुरतीच मिळतात.

निरोगी शरीर हा भार सहज पेलते. मधुमेह्याला तो जड जातो, आणि त्यातही सकाळी अधिक जड जातो. पहाटे शरीर जागे होऊ लागले की कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात, यकृत रक्तात साखर सोडू लागते आणि इन्सुलिनचा प्रभाव काहीसा मंदावतो. त्यामुळे पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत दुपारी जो घास निभावून जातो, तोच घास सकाळी रक्तशर्करा बरीच चढवितो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा हा प्रश्न कोणा एका घराचा उरलेला नाही.

'अल्प' म्हणजे 'वर्ज्य' नव्हे

अशा रुग्णांना अल्प कर्बोदकांची न्याहारी सुचविली जाते. इतर भाषांतील मजकूर मराठीत आणण्याचे काम करताना या 'अल्प' शब्दापाशी आम्हांस नेहमी थांबावे लागते. कारण तो पुष्कळदा 'वर्ज्य' असा वाचला जातो. मग घरातील मधुमेह्यापुढे काकडीच्या चार चकत्या येतात, बाकीच्यांपुढे पोहे येतात, आणि आठवड्याच्या आत ती काकडी नाहीशी होते! शिक्षा म्हणून वाढलेले अन्न फार दिवस टिकत नाही.

खरा बदल प्रमाणाचा आहे. आपल्या ताटात धान्य मुख्य आणि डाळ तोंडी लावण्यापुरती असते. न्याहारीपुरते हे नाते उलटे करावे. डाळ, कडधान्य, अंडे, पनीर किंवा दही मुख्य असावे, भाजी भरपूर असावी आणि धान्य मूठभर असावे. कडधान्यांतही कर्बोदके असतात, हे खरे. पण त्यांच्यासोबत प्रथिने आणि चोथा असल्यामुळे ती सावकाश पचतात व साखर हळूहळू चढते. शिवाय असे ताट घरातील सर्वांनाच मानवते, त्यामुळे रुग्णासाठी वेगळे भांडे चढवावे लागत नाही.

प्रांतोप्रांतीचे पदार्थ

यासाठी परदेशी पदार्थ शोधीत बसण्याचे कारण नाही. आपल्या देशाच्या स्वयंपाकघरांत कडधान्यांची न्याहारी पूर्वीपासून आहे.

मुगाचे धिरडे : आंध्र व तेलंगणात यालाच पेसरट्टू म्हणतात. चार माणसांसाठी 200 ग्रॅम सालासकट हिरवे मूग रात्री भिजत घालावेत. सकाळी आले, हिरवी मिरची, जिरे व मीठ घालून वाटावेत. तांदूळ मुळीच घालू नयेत. तापल्या तव्यावर पातळ पसरून वर बारीक चिरलेला कांदा व कोथिंबीर पेरावी आणि कडेने थोडे तेल सोडावे. माणशी 50 ग्रॅम मुगांतून सुमारे 25 ग्रॅम कर्बोदके आणि 11 ते 12 ग्रॅम प्रथिने मिळतात. तिकडे यात उपमा भरण्याची पद्धत आहे. त्याऐवजी कांदा-पनीर परतून भरावे. आल्याच्या चटणीत गूळ असतो, म्हणून दही किंवा शेंगदाण्याची चटणी घ्यावी.

तर्री-पोहे, पण उलटे : नागपूरकरांना हा पदार्थ सांगावयास नको. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. मधुमेह्याने वाटीभर हरभरे आधी घ्यावेत व त्यांवर मूठभर पोहे पेरावेत. मटकीच्या उसळीलाही हीच युक्ती लागू पडते. इंदूरच्या मराठी घरांत पोह्यांसोबत जिलेबी येते, ती मात्र पाहुण्यांसाठी राखून ठेवावी!

बेसनाचा चिल्ला : उत्तर भारतातील हा पदार्थ आपल्या बेसनाच्या पोळ्याचा सख्खा भाऊ होय. पिठाइतकाच किसलेला दुधी, पालक किंवा कोबी त्यात घालावा. असे केल्याने पीठ कमी लागते आणि पोटही भरते.

सुंदल, घुगनी आणि सत्तू : तमिळनाडूचे सुंदल म्हणजे शिजविलेल्या हरभऱ्यांवर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि थोडे ओले खोबरे. बंगालची वाटाण्यांची घुगनी मुरमुऱ्यांवाचून घ्यावी. बिहारमध्ये भाजलेल्या हरभऱ्यांचे सत्तू पितात. ते ताकात कालवून कांदा, लिंबू व जिरेपूड घातल्यास घाईच्या सकाळी उत्तम आधार होतो.

अंडी : जे खातात त्यांच्यासाठी हा सर्वांत सोपा मार्ग आहे. दोन अंड्यांतून सुमारे 12 ग्रॅम प्रथिने मिळतात आणि कर्बोदके जवळजवळ नसतातच. टोमॅटो-कांदा घालून भुर्जी करावी. सोबत हवी असल्यास ज्वारीची अर्धी भाकरी घ्यावी.

इडलीचा मोह सुटत नसेल तर दोनच इडल्या घ्याव्यात. मात्र सांबार दाट डाळीचे, भाज्या घातलेले आणि दोन वाट्या असावे. शिवाय आधी सांबार-भाजी खावी व इडली नंतर. प्रथिने आणि भाजी आधी पोटात गेल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांत आढळले आहे.

काही फसवे मित्र

गूळ आणि मध ही साखरेचीच भावंडे होत. त्यांना औषध समजू नये. फळांचा रस गाळून घेतला की चोथा गळतो आणि साखर उरते. नाचणी गुणाची खरी. पण पिठाची पातळ आंबील झरझर पचते. वेष्टनावर 'साखरविरहित' असे छापलेल्या बिस्किटांतही मैदा असतो. अल्प कर्बोदकांच्या नावाखाली तळलेले फरसाणही नको, कारण मधुमेह्याने हृदयाचीही काळजी वाहावयाची असते.

औषध आणि न्याहारी यांची सांगड

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जे इन्सुलिन टोचून घेतात, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून न्याहारीतील कर्बोदके एकाएकी कमी करू नयेत. औषधाची मात्रा जुन्या ताटाच्या मापाने ठरलेली असते. ताट बदलले आणि मात्रा तशीच राहिली, तर रक्तशर्करा धोक्याइतकी उतरू शकते.

अंग थरथरणे, घाम फुटणे, छाती धडधडणे, एकाएकी भूक लागणे, बोलणे असंबद्ध होणे, ही लक्षणे घरातील प्रत्येकास ठाऊक असावीत. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कर्बोदके अगदी तोडून टाकल्यास रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांची मर्यादा डॉक्टरांनीच ठरवावी. गर्भवती स्त्रियांनीही आपल्या मनाने असा आहार सुरू करू नये.

डॉक्टरांची संमती मिळाली की आपले शरीर कशास कसे उत्तर देते, ते पाहावे. घरी ग्लुकोमीटर असल्यास न्याहारीपूर्वी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी रक्तशर्करा मोजावी. एके दिवशी नेहमीचे पोहे, दुसऱ्या दिवशी मुगाचे धिरडे, असे करून दोन्ही आकडे वहीत टिपावेत. जेवणानंतरचा आकडा सामान्यतः 180च्या आत असावा, असे धरतात. तुमच्यासाठी योग्य मर्यादा डॉक्टर सांगतील. ही वही पुढच्या भेटीत त्यांच्यापुढे ठेवावी.

आणि रांधणारी?

या सदरात आपण रुग्णाला काय वाढावे, हे सांगत आलो. पण पुष्कळ घरांत मधुमेह वाढणारीलाच असतो. ती सर्वांना गरम धिरडी करून घालते आणि स्वतः अकरा वाजता रात्रीची पोळी चहात बुडवून खाते. गोळी मात्र आठ वाजताच घेतलेली असते. असे होत असेल तर वरील सर्व पाककृती व्यर्थ होत. मूग भिजत घालणे, मिरची वाटणे, तव्यावर उभे राहणे, यांतील एखादे काम घरातील इतर कोणीही उचलू शकतो. पहिली दोन धिरडी तिच्या ताटात पडावीत आणि गोळीच्या वेळेस ती ताटावर बसलेली असावी. उद्याच्या सकाळपासून एवढे जरी घडले, तरी या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.