मोटारसायकल घेताना महिन्याचे पंचवीस दिवस मोजा

कोलशेत हे मूळचे खाडीकाठचे गाव. रेतीबंदर आणि भातशेती ही त्याची जुनी ओळख. पुढे सँडोझ, बायर यांसारखे मोठे कारखाने आले, आणि गेल्या काही वर्षांत त्या कारखान्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींतील फर्निचर, ग्रिल, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, छताची सजावट, एसीची दुरुस्ती ही कामे करणारे आपले अनेक कारागीर बांधव राबोडी, मुंब्रा, कौसा आणि भिवंडी येथून रोज येतात. त्यांना माल पुरवणारे छोटे व्यापारीही याच रस्त्यावर दिसतात. या सर्वांचे पोट ज्या एका वस्तूवर अवलंबून आहे ती म्हणजे मोटारसायकल.

धंदा थोडा स्थिरावला, हातात दोन पैसे खेळू लागले की तरुण कारागिराच्या मनात पहिला विचार येतो तो गाडी बदलण्याचा. त्यात गैर काहीच नाही. मात्र अलीकडे आम्हाला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो: "रोजच्या कामालाही चालेल आणि नाशिक-मालेगावलाही आरामात जाईल अशी स्पोर्ट टूरिंग गाडी कोणती घ्यावी?" हा प्रश्न लाखो रुपयांच्या भांडवलाचा आहे, आणि घाटरस्त्यावर तो जिवाचाही आहे. म्हणून या पानावर त्याचा हिशेब मांडणे आम्हाला योग्य वाटते.

आधी ही गाडी म्हणजे काय ते पाहू. शर्यतीच्या गाडीचा जोर आणि लांब प्रवासाचा आराम यांची सांगड घालणारी मोटारसायकल म्हणजे स्पोर्ट टूरिंग. समोर वारा अडवणारे आवरण, मोठी टाकी, थोडे पुढे झुकून पण पाठ न मोडता बसता येईल अशी बैठक, आणि तासन्‌तास न थकणारे इंजिन ही तिची लक्षणे. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९७६ साली आर १०० आरएस ही गाडी आणली. हवेच्या बोगद्यात तपासून तयार केलेले पूर्ण आवरण तिला होते. तिथून हा प्रकार जगात रुजला. आपल्याकडे सामान्य माणसाला परवडेल अशा स्वरूपात तो २००३ साली हिरो होंडाच्या करिझ्मामुळे आला. २२३ सीसीचे इंजिन आणि पंधरा लिटरची टाकी असलेल्या त्या गाडीवर एका पिढीने घाट ओलांडले. आज सुझुकीची जिक्सर एसएफ २५० (२०१९), हिरोची करिझ्मा एक्सएमआर (२०२३) अशा गाड्या त्याच वाटेने आल्या आहेत. त्यांच्या वर बजाजची डोमिनार ४०० आणि त्याहून वर सहाशे-साडेसहाशे सीसीच्या परदेशी घराण्याच्या गाड्या आहेत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी महिन्याच्या पंचवीस दिवसांसाठी घ्या, दोन दिवसांसाठी नव्हे. मात्र ब्रेक, टायर आणि बैठक त्या दोन दिवसांसाठी तपासा.

रस्ता आधी, गाडी नंतर

पंचवीस दिवस आपण कुठे असतो? कोलशेत रोड, कापूरबावडीचा चौक, माजिवडा, घोडबंदर रोड, नाहीतर बाळकुम-कशेळीमार्गे भिवंडी. मेट्रोच्या कामांमुळे अरुंद झालेले रस्ते, पावसाळ्यातले खड्डे, कंटेनरच्या रांगा. अशा रस्त्यावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगते. आवरण असलेल्या मोठ्या गाडीच्या इंजिनाची उष्णता अशा वेळी थेट मांड्यांवर येते. खाली झुकलेल्या हँडलमुळे शरीराचा भार मनगटांवर पडतो. दिवसभर रंधा किंवा वेल्डिंगची होल्डर धरणाऱ्या हातांना हा भार परवडणारा नाही.

वजनाचेही तसेच. जिक्सर एसएफ २५० चे वजन सुमारे १६१ किलो, करिझ्मा एक्सएमआरचे त्याहून किंचित जास्त. साडेसहाशे सीसीच्या गाड्या दोनशे किलोच्या आसपास जातात. टॉवरच्या तळघरातील उतारावरून ही गाडी मागे ढकलत आणावी लागते तेव्हा या चाळीस किलोंचा अर्थ कळतो. गर्दीत गाडी नुसती कलंडली तरी प्लास्टिकचे आवरण तडकते, आणि तो एक तुकडा काही दिवसांची मजुरी घेऊन जातो.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. या गाड्यांची शेपटी निमुळती असते, तिला साधे कॅरियर बसत नाही. ड्रिल, ग्राइंडर, कटर यांची पिशवी मग पाठीवर लटकते आणि कंबरेची वाट लागते. आमच्या ओळखीच्या एका ग्रिल बनवणाऱ्या तरुणाने मोठ्या हौसेने अशी गाडी घेतली आणि सहा महिन्यांत कामासाठी जुनी शंभर सीसीची गाडी पुन्हा बाहेर काढली. दोन गाड्यांचा विमा, दोन गाड्यांची देखभाल आणि कमाई एकाचीच.

आता त्या उरलेल्या दोन दिवसांकडे वळू. कोलशेतहून मालेगाव सुमारे अडीचशे किलोमीटर. तरुण बांधव म्हणतात, हायवेवर जोर हवा. पण कोणत्या हायवेवर? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई. समृद्धी महामार्गावर मनाई. २०२४ साली सुरू झालेल्या अटल सेतूवर मनाई. मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेवरही मनाईच. ज्या रस्त्यांवर मोठी गाडी आपला जोर दाखवू शकेल ते रस्ते दुचाकीला बंद आहेत. आपल्या वाट्याला येतो तो कसाऱ्याचा घाट, माळशेजचा घाट, जुन्या पुणे रस्त्यावरचा बोरघाट. शिवाय केंद्र सरकारने २०१८ साली ठरवलेल्या मर्यादेनुसार चौपदरी महामार्गावरही मोटारसायकलचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर जाता कामा नये, आणि शहरात ६०. हा वेग दोनशे सीसीची गाडी हसतखेळत गाठते. उरलेल्या जोराचे पैसे आपण फक्त मित्रांना सांगण्यासाठी मोजतो.

हिशेब वहीत मांडा

व्यापाऱ्याने मनाने खरेदी करावी, पण निर्णय वहीने घ्यावा. समजा रोज पस्तीस किलोमीटरप्रमाणे पंचवीस दिवसांचे ८७५ किलोमीटर आणि महिन्यातून एक मालेगावची फेरी ५०० किलोमीटर. एकूण १,३७५. अडीचशे सीसीच्या गाडीने लिटरला ३५ किलोमीटर दिले तर सुमारे ३९ लिटर पेट्रोल लागेल. मोठ्या गाडीने २२ दिले तर ६२ लिटरच्या वर. लिटरला शंभर रुपये धरले तरी फरक महिन्याला तेवीसशे रुपयांचा, वर्षाला सत्तावीस हजारांहून अधिक. एवढ्यात एका चांगल्या कटिंग मशीनची सोय होते.

कराची रेषाही ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. दोन लाखांच्या मूळ किमतीवर १८ टक्क्यांनी ३६ हजार होतात, तर ४० टक्क्यांनी ८० हजार. म्हणजे रेषा ओलांडताच ४४ हजारांचा फरक, आणि रस्त्यावर मिळणारा लाभ शून्य. गाडी दुकानाच्या नावावर घेतली म्हणजे हा कर वजा होतो, असा काहींचा समज आहे. तसे नाही. माणसांच्या ये-जा करण्यासाठी घेतलेल्या वाहनावर अशी वजावट मिळत नाही.

विम्यातही हीच रेषा आहे. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा २०१८ पासून सक्तीचा आहे. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या गाडीला त्याचे ७,३६५ रुपये, आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये.

आता कर्जाची गोष्ट. शोरूममधला माणूस हप्ता सांगतो, व्याज सांगत नाही. "फक्त दहा टक्के फ्लॅट" हे शब्द कानाला गोड लागतात. दोन लाखांवर तीन वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅट म्हणजे साठ हजार व्याज, हप्ता सुमारे ७,२२२ रुपये. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो आणि व्याज मात्र पूर्ण दोन लाखांवर चालू राहते. खरा दर मोजला तर तो अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. ज्यांना व्याजाच्या व्यवहारातून दूर राहायचे आहे त्यांचा प्रश्न आपोआप सुटतो: रोखीत जेवढी बसेल तेवढीच गाडी. भिशीचे पैसे येईपर्यंत वर्षभर थांबावे लागले तरी बिघडत नाही. धंद्याच्या पहिल्या पाच वर्षांत भांडवल यंत्रात आणि मालात असावे, पेट्रोलच्या टाकीखाली नसावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काटकसर कुठे करू नये

याचा अर्थ सर्वांनी शंभर सीसीवरच समाधान मानावे असा नाही. तरुणांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कसाऱ्याच्या चढावर, मागे माणूस आणि बाजूला मालाची बॅग घेऊन शंभर-सव्वाशे सीसीची गाडी दमते. ट्रक ओलांडताना जोर कमी पडला तर माणूस चुकीच्या बाजूला अधिक वेळ अडकतो. तो धोका खरा आहे. म्हणूनच दोनशे ते अडीचशे सीसीचा मधला मार्ग आम्हाला पटतो. बारा लिटरच्या टाकीत अशी गाडी मालेगावपर्यंत वाटेत पेट्रोल न भरता जाऊ शकते, आणि दुसऱ्या दिवशी कापूरबावडीच्या गर्दीत मालकाला छळत नाही.

ज्यांचा महिना उलटा आहे, म्हणजे जे नमुने घेऊन आठवड्याला धुळे, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर करतात, त्यांनी तीनशे सीसीच्या पुढचा विचार जरूर करावा. त्यांच्यासाठी लांबचा रस्ता हाच रोजचा रस्ता आहे. आणि जे दोन महिन्यांतून एकदा जातात त्यांनी एसटीने किंवा रेल्वेने मनमाडपर्यंत जावे. एका फेरीसाठी गाडी बदलणे हा व्यवहार नव्हे.

खर्च वाचवू नये अशा मात्र काही जागा आहेत. पहिली ब्रेकची. १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, पण ते पुढच्या एकाच चाकाला आहे की दोन्ही चाकांना, हे विचारून घ्या. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याने दोन्ही चाकांचाच आग्रह धरावा. दुसरी टायरची. नक्षी झिजलेला टायर ओल्या रस्त्यावर साबणासारखा सरकतो. तिसरी चेनची. दर पाचशे किलोमीटरला ती साफ करून तेल द्यावे, पावसात त्याआधीही. चौथी हेल्मेटची. आयएसआय छाप नसलेले हेल्मेट म्हणजे डोक्यावरची टोपली.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी अधिक पाहाव्यात. आरसी बुकावर बँकेचा बोजा चढलेला आहे का, आणि गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची आहे का. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याआधीच्या बहुतेक गाड्या त्या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. त्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात. तिसरी गोष्ट सुट्या भागांची. ज्या गाडीचा सुटा भाग ठाण्यात किंवा भिवंडीत आठ दिवसांत मिळत नाही, ती गाडी कारागिराची नव्हे. ती बंद पडली की रोजगारही बंद पडतो.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. गाडी पाहायला रविवारी मित्रांबरोबर जाऊ नका. कामाच्या दिवशी, कामाच्या कपड्यांत, अवजारांची पिशवी घेऊन जा. चालवून पाहण्यासाठी गाडी मागा आणि ती मोकळ्या रस्त्यावर न नेता गर्दीत न्या. मागे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बसवून पाहा. उंच, निसरड्या मागच्या सीटवर आई चढू शकत नसेल तर दवाखान्याच्या दिवशी रिक्षाच करावी लागेल.

हौस असू नये असे आम्ही म्हणत नाही. कष्टाच्या पैशाने घेतलेली चांगली गाडी ही माणसाच्या उमेदीची खूण आहे. पण जी गाडी रोज सकाळी मालकाला कामावर वेळेत पोहोचवते, महिनाअखेरीस गल्ला रिकामा करत नाही आणि घाट उतरून रात्री सुखरूप घरी आणते, तीच आमच्या लेखी मोठी गाडी. सीसीचा आकडा मागाहून पाहावा.