अठरा पूर्ण झालेल्यांसाठी माणसं हवी आहेत



वाढदिवसाला बालगृहात जेवण देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. दिवाळीच्या आठवड्यात तर मुलांच्या ताटात एकाच दिवशी दोन-दोन पक्वान्नं पडतात. ते चालू राहो. आम्ही या वेळी फराळ किंवा पावतीचे पैसे मागत नाही.

बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलाला बालगृह सोडावं लागतं. पुढे २१ व्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. पण अनुरक्षण गृहं मोजकी आहेत. राज्य सरकारने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण आणि नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण दिलं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. संस्थाचालकांनी ते मूल संस्थेत असतानाच काढून ठेवावं. नंतर जुने कागद शोधताना पोरांचा जीव मेटाकुटीला येतो.

कागद मिळाला तरी खोली मिळतेच असं नाही. घरमालक विचारतो, "घरचं कोण आहे?" बँक जामीनदार मागते. स्थळ सांगून आलं तर बोलणी करायला मोठं माणूस लागतं.

आणि लग्नानंतर? संस्थेतल्या मुलीच्या लग्नाला गाव लोटतं, पुढारी कन्यादान करतात, फोटो छापून येतात. पहिल्या दिवाळसणाला मात्र तिला न्यायला कुणी येत नाही. डोहाळजेवण कोण करणार? पहिल्या बाळंतपणाला ती कुठे जाणार? घरात खटका उडाला तर चार दिवस राहायला तिला दार नसतं, आणि हिची विचारपूस करणारं मागे कुणी नाही, हे सासरीही पुरतं ठाऊक असतं. आम्हाला सगळ्यांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

अमरावती जिल्ह्यात वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी बेवारस, दिव्यांग मुलांना वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं, त्यांतल्या अनेकांचे संसार मांडून दिले. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. टाळ्या आपण वाजवल्या. पण प्रत्येक तालुक्याला असा बाबा कुठून आणायचा?

म्हणून घरटी एक नातं मागतो आहोत. दत्तक घ्यायला सांगत नाही. एखाद्या जोडप्याने एका मुलीचं माहेर व्हावं: सणाला बोलावणं, बाळंतपण, अडीअडचणीला एक फोन. कुणी एखाद्या मुलाला खोली मिळवून द्यावी. गॅरेजवाल्यांनी, वायरमननी, बेकरीवाल्यांनी त्याला हाताखाली घेऊन काम शिकवावं, पगार देऊन. फुकटात राबायला पोरगा किंवा घरकामाला मुलगी हवी असणाऱ्यांनी कृपया येऊ नये. वर्षभरात कंटाळा येईल असं वाटणाऱ्यांनीही नाही. एकदा सोडून दिलेल्यांना दुसऱ्यांदा सोडणं वाईट.

इच्छुकांनी आपल्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जवळच्या नोंदणीकृत बालगृहाच्या अधीक्षकांना भेटावं. ते तुमची चौकशी करतील, कदाचित पोलीस पडताळणीही मागतील. राग मानू नका. लेक द्यायच्या आधी आपणही समोरच्या घराची चौकशी करतोच.