वूडवर्ड बाहेर बसला ते बरोबर होतं का?

आमच्या हाऊसमध्ये मेस्सी की रोनाल्डो हा वाद रोज लाइट्स आउटपर्यंत चालतो. मला मात्र या टर्ममध्ये ज्याचं वेड लागलं तो खेळाडू वारला 1954 साली. त्याचं नाव व्हिव्हियन वूडवर्ड. सगळा वाद विसरून पाच मिनिटं त्याच्याबद्दल वाचा.

वूडवर्डचा जन्म 1879 चा, लंडनचा. व्यवसायानं आर्किटेक्ट, आणि मैदानात फॉरवर्ड. आधी टॉटेनहॅम, मग चेल्सी. क्लबकडून त्यानं कधी पगार घेतला नाही, आयुष्यभर हौशी खेळाडूच राहिला. इंग्लंडकडून 23 सामने आणि 29 गोल! (यातले बरेच गोल तेव्हाच्या नवख्या ऑस्ट्रिया आणि हंगेरीविरुद्ध होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरीही तो विक्रम चाळीसहून जास्त वर्षं टिकला.) 1908 आणि 1912 या दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या ब्रिटिश संघाचा तो कॅप्टन होता. दोन्ही वेळा फायनलला समोर डेन्मार्कच होता. अंगानं तो सडपातळ. बचाव करणारे त्याला पाडायचे, धक्के द्यायचे, पण हा उलटून मारत नसे.

पण मला लिहायचंय ते त्याने न खेळलेल्या सामन्याबद्दल.

1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पस्तिशीतला वूडवर्ड सैन्यात दाखल झाला. पुढे तो मिडलसेक्स रेजिमेंटच्या 17 व्या बटालियनमध्ये आला. हिलाच लोक ‘फुटबॉल बटालियन’ म्हणत, कारण तिच्यात कितीतरी नामांकित खेळाडू होते. इकडे चेल्सी एफए कपच्या फायनलला पोचली. 24 एप्रिल 1915, मैदान मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड. प्रेक्षकांत गणवेशातले सैनिक इतके होते की या सामन्याला ‘खाकी कप फायनल’ हेच नाव पडलं. वूडवर्डला खेळण्यासाठी खास रजा मिळाली होती. आधीच्या फेऱ्यांमध्ये बॉब थॉमसन हा फॉरवर्ड खेळला होता. त्याला एका डोळ्यानं दिसत नव्हतं, आणि फायनलच्या आधी कोपरही दुखावलं होतं. तरी थॉमसन खेळू शकतो असं कळल्यावर वूडवर्डनं त्याची जागा घ्यायला नकार दिला. संघाला इथवर आणणाऱ्यानंच फायनल खेळावी, असं त्याचं म्हणणं. चेल्सी 3-0 नं हरली.

हे मी आमच्या टेबलवर सांगितलं तेव्हा एक सिनिअर म्हणाले, “मग चुकलंच की त्याचं. संघ आधी, दोस्ती नंतर.” हा मुद्दा सोपा नाही. आम्हाला इथे पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात की कामाला सगळ्यात योग्य माणूस पुढे जातो, कोणाला वाईट वाटेल याचा विचार करायचा नसतो. मोहिमेवर चांगला नेमबाज मागे ठेवून कोणी दुसऱ्याला पाठवेल का?

तरीही मला वूडवर्डचं पटतं. तो कित्येक महिने परेड आणि ट्रेनिंग करत होता, चेल्सीबरोबर सराव नव्हता. उरलं होतं ते नाव. नाव मोठं म्हणून आजचा खेळही मोठा असेल असं नसतं, आणि हे त्याला स्वतःला सगळ्यात चांगलं माहीत असणार. शिवाय 3-0 मध्ये तो एकटा काय करणार होता? निकाल बघून निर्णय चूक ठरवणं म्हणजे पेपर फुटल्यावर हुशारी दाखवणं.

आता माझं. गेल्या वर्षी इंटर-हाऊस फुटबॉलच्या वेळी माझा घोटा मुरगळला आणि मी तीन आठवडे ‘ऑफ गेम्स’ होतो. लेफ्ट विंगला माझ्या शेजारच्या बेडवरचा मित्र खेळला. सेमीफायनलचा गोल त्याच्याच पासवर झाला. फायनलच्या आदल्या दिवशी मी फिट झालो. कॅप्टननं विचारलं, “खेळणार?” मी एक सेकंदही न थांबता “हो” म्हणालो. मित्राच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही जिंकलो. मी गोल केला नाही, फार धावलोही नाही, घोटा सांभाळत होतो. हाफटाइमला पाण्याची बाटली त्यानंच आणून दिली. ग्रुप फोटोत मी पहिल्या रांगेत आहे. तो फोटोत नाही, कारण फोटो फक्त अकरा जणांचा होता.

म्हणून माझं मत असं, आणि हाऊस कॅप्टन्सनी यावर विचार करावा: सेमीफायनल खेळलेला मुलगा फिट असेल तर फायनलला सुरुवात त्यानंच करावी. परत आलेल्यानं बेंचवर बसावं, गरज पडली तर उतरावं. आणि फोटो सगळ्यांचा काढावा, राखीव खेळाडूंसकट.

वूडवर्ड नंतर फ्रान्सच्या आघाडीवर गेला. 1916 मध्ये हातबॉम्बचे तुकडे लागून त्याची मांडी जखमी झाली. बरा होऊन तो पुन्हा फ्रान्सला गेला. तिथे कोणाच्या जागी जायचं हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसेल.

हा लेख मी देण्याआधी मित्राला वाचायला दिला. त्यानं दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मग म्हणाला, “तुझ्या जागी मी असतो ना, तर मीपण खेळलो असतो.” आणि बूट पॉलिश करायला बसला.