तिसऱ्यांच्या विणीला मोकळीक कोण देणार?

खाडीतल्या तिसऱ्या बारीक येऊ लागल्या की आपण नशिबाला बोल लावतो. पण प्रश्न विणीचा आहे.

तिसरी वाळूत रुतून राहते. नर आणि मादी आपापले बीज पाण्यात सोडतात, फलन तिथेच होते. पिल्लू दोनेक आठवडे पाण्याबरोबर वाहते, मग तळाची वाळू धरते. पावसाळ्यातले गोडे पाणी त्याला सोसत नाही. त्यामुळे पाऊस ओसरून पाणी पुन्हा खारे झाले की विणीला जोर येतो. वेचणीचीही झुंबड नेमकी तेव्हाच.

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी हे खाऱ्या पाण्याचे मोठे सरोवर आहे. तिथे १९८१ पासून तिसऱ्यांचा व्यापार वाढला. परदेशी मागणीपायी १९९१ साली माल १० हजार टनांवर गेला आणि १९९३ पर्यंत निम्म्यावर आला. मग नियम झाले. डिसेंबर ते फेब्रुवारी वेचणी बंद, यंत्राने उपसा नाही, जाळ्याचा आस ठरलेला. निर्यातीच्या मालात किलोभर मांसात १४०० पेक्षा जास्त नग चालणार नाहीत. म्हणजे बारीक मालाला गिऱ्हाईकच उरले नाही. खरी मेख इथे आहे. २०१४ साली या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले, देशातले पहिलेच.

म्हणून सगळे आलबेल झाले असे नाही. पुढे तिथला माल पुन्हा घटला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेला तयार केलेले बीज सरोवरात सोडावे लागले. बंदी विणीला सवड देते, पाणी सुधारून देत नाही.

आता आपल्याकडे बघा. जून-जुलैची बंदी आहे ती समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी. ओहोटीला हाताने तिसऱ्या वेचणाऱ्या बाईचा त्यात विचारच नाही. केरळचे महिने जसेच्या तसे उचलूनही भागणार नाही. प्रत्येक खाडीचा खारेपणा निराळा, तशी वीणही पुढेमागे होणार. ती आधी तपासायला हवी.

आणि बंदीच्या दिवसांत त्या बाईची चूल कशी पेटायची? याचे उत्तर दिल्याशिवाय काढलेला नियम कागदावरच राहील. व्यापाऱ्याने बारीक माल घ्यायचाच नाही, इथून सुरुवात करता येईल. त्यात तिचा एक दिवसाचा रोजगारही बुडत नाही.