आबांची ठासणीची

बंदूक वारसाने मिळत नाही. जमीन मिळते, घर मिळतं, आजीची पुतळ्यांची माळ मिळते. बंदुकीच्या बाबतीत वारसाला मिळतो तो फक्त अर्ज करण्याचा हक्क. तिकोणा पेठेत आणि आसपासच्या वाड्यांवर हे मी इतक्या जणांना तोंडी सांगितलंय की आता एकदा लिहूनच टाकते. दसरा तोंडावर आलाय. खंडेनवमीला कोयते, विळे, नांगराचे फाळ घासूनपुसून पाटावर मांडले जातील. काही घरांत माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली एक लांबट वस्तूही खाली येईल, तिला हळदकुंकू लागेल, झेंडूची माळ पडेल. ती वस्तू ज्यांच्या नावावर होती ते आजोबा मात्र त्या घरात आता नसतील. आजचं सदर त्या घरांसाठी आहे.

आमच्या घरातली बंदूक एकनळी, ठासणीची. माझ्या आजोबांकडे, म्हणजे आबांकडे, ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर होती. हा परवाना म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हती. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानिशी आहे. तिकोणा गडाच्या रानातून डुकरं उतरायची ती भाताचा दाणा दुधात असताना, आणि एका रात्रीत अख्खं खाचर लोळवून जायची. आबा शेतातल्या माळ्यावर जागायचे. पण 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर परवानगीशिवाय डुकरावर नेम धरणं गुन्हा झाला, आणि तेव्हापासून आबांनी नळीत छर्रा घातला नाही. नुसती दारू ठासून आभाळाकडे बार काढायचे. तेवढ्यानं कळप पांगायचा. समोरच्या डोंगरावरून आवाज परतून यायचा आणि खालच्या वस्तीवर लोकांना कळायचं, आज वरच्या अंगाला डुक्कर आलंय.

बार काढल्यावरचं काम मोठं होतं. काळी दारू नळीत खरकटं ठेवते आणि ते दमट हवेत लोखंड खातं. मावळातला पाऊस ठाऊक असणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर पाणी तापायचं. आबा नळीत कढत पाणी ओतत राहायचे, काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत. मग गजाला फडकं गुंडाळून नळी आतून कोरडी करायची, तेलाचा हात फिरवायचा, दस्ताही पुसून घ्यायचा. या कामाला आम्हा पोरांना शेजारी बसायची मुभा होती, हात लावायची नव्हती.

त्या गजावर सुरीनं पाडलेली एक खाच आहे. नळी रिकामी असेल तर गज थेट खाचेपर्यंत आत जातो. आत बार ठासलेला असेल तर खाच काही बोटं वर राहते. बंदूक हातात घेतली की आबांचं पहिलं काम गज नळीत सोडून ती खाच बघायचं, मग ती आदल्याच दिवशी त्यांनी स्वतः धुतलेली का असेना. ठासणीच्या बंदुकीत काडतूस काढून बघता येत नाही, म्हणून हा उपाय. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या बंदुकीत जुना बार तसाच असू शकतो, आणि कोरड्या राहिलेल्या काळ्या दारूला वय नसतं. पूजेसाठी खाली काढलेल्या अशा बंदुकीचा घोडा पोरांनी सहज ओढून बघावा, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

आबांची जुनी शेती पवना धरणात गेली. घरही गेलं. पाणी चढायला लागलं तेव्हा जे डोक्यावरून वर आणलं त्यात भांडी होती, देव होते आणि ही बंदूक होती. भांडी पुढे मोडीत गेली. देव धाकट्या चुलत्यांकडे आहेत. म्हणजे पाण्याखालच्या त्या घरातून आमच्याकडे उरलेली ही एकच वस्तू. तिच्यात जीव का गुंतलाय हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण शेतीसंरक्षणाचा परवाना उभा असतो तो शेतीवर. गडाच्या अंगाला थोडी खाचरं वाचली आणि सातबारा शाबूत राहिला, म्हणून परवानाही टिकला. आबा हे दोन कागद एकाच पत्र्याच्या पेटीत, एकावर एक ठेवायचे.

2017 साली ते मला घेऊन पुण्याला निघाले. माझे वडील आधीच गेले होते, त्यामुळे वारसांत मी होते. 2016 च्या शस्त्र नियमांत एक तरतूद आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. परवानाधारकाचं वय 70 झालं, किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, तर तो हयात असतानाच ती वारसाच्या नावावर करून देण्यासाठी अर्ज करता येतो. आबांना ही गोष्ट नूतनीकरणाच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यानं सांगितली होती. कुठल्याच टेबलावरून ती कधी सांगितली गेली नव्हती.

आत्या आणि दोन्ही चुलत्यांची ना हरकत लागली. आत्यानं सही करायला वेळ घेतला. तिला बंदूक नको होती, तिला विचारलेलं हवं होतं. आबा स्वतः तिच्या घरी गेले, जेवले आणि मग कागद काढला. गावात कुजबुज झाली की पोरीच्या नावावर बंदूक करतोय म्हातारा. आबांनी एवढंच उत्तर दिलं, "खाचरं तिच्या नावावर हायेत, मग राखण कुणी करायची?" पुढे पोलीस पडताळणी झाली, शस्त्र हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला झाला. अनेक हेलपाट्यांनंतर माझ्या नावाचा परवाना हातात आला. आबा त्यानंतर दोन भाताची पिकं बघून गेले. दहावं-तेरावं चालू असताना घरातल्या बंदुकीचं काय, हा प्रश्न कुणालाच पडला नाही, कारण तो त्यांनी आधीच सोडवून ठेवला होता.

ज्यांच्याकडे असं झालेलं नाही, त्यांचं काय? धारक गेला की त्याच्या नावाचा परवाना घरच्यांना पुरत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे अशी बंदूक विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची असते. जमा केली म्हणजे गेली, असा मोठा गैरसमज आहे. पावती मिळते. तिथे ठेवून वारस आपल्या नावाचा परवाना मागू शकतो किंवा ज्याच्याकडे परवाना आहे त्याला ती विकू शकतो. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. आणि जमाच न करता "आठवण म्हणून" घरात ठेवली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या आणि वडिलोपार्जित बंदुकाही त्या दोनांतच धरल्या गेल्या. परवान्याची मुदत मात्र तीनावरून पाच वर्षं झाली.

एक सूट आहे. जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कलम 45 प्रमाणे हा कायदा लागू होत नाही. पण "आमची तर गंजलीय, चालत नाही" असं घरच्या घरी ठरवून मोकळं होऊ नका. ते जाणकारानं तपासून कागदावर यायला हवं.

कायद्यानं एवढं कडक का असावं, असं मला चिडून विचारणारे भेटतात. त्यांच्या रागाला इतिहास आहे. 1878 मध्ये लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागायचा, युरोपियनाला सूट होती. तो अपमान इतका खोल होता की 1930 च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ज्या 11 मागण्या ठेवल्या, त्यांत आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत, त्यांवर लोकांचं नियंत्रण असावं, हीही होती. दारूबंदी आणि मिठाच्या करासोबत बंदूक! आजही कोडगूच्या कोडवांना परवान्यातून सूट आहे. तिची सुरुवात 1861 ची, सध्याची मुदत 2029 पर्यंतची, आणि 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. त्यांच्या कैलपोद सणाला बंदुकीची पूजा होते, नळीत कळलावीचं फूल खोवतात. तीच कळलावी आमच्या गडाच्या वाटेवर श्रावणात फुलते. मग आम्हाला का नाही सूट, असं मावळातल्या माणसाला वाटणारच.

तरीही मी ती सूट मागणार नाही. कोडवांनासुद्धा सूट असल्याचा दाखला काढावाच लागतो, आणि त्या सुटीमागे पिढ्यान्‌पिढ्या रोज बंदूक हाताळणारा समाज उभा आहे. आमच्याकडे आबांची पिढी बंदूक धुवायची. आमच्या पिढीला तिच्यासोबत फोटो हवा असतो. ज्याला नळी कढत पाण्यानं धुता येत नाही, गजाची खाच वाचता येत नाही, निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेत मागितली तर ठाण्यावर नेऊन द्यायची तयारी नाही, त्यानं नुसत्या मायेपोटी बंदूक ठेवू नये. विकावी, जमा करावी. त्यात आजोबांचा कसलाही अवमान नाही.

मागणी आहे ती वेगळीच, आणि तिला पैसा लागत नाही. प्रत्येक परवान्याची नोंद आता देशभरच्या संगणकीय यादीत असते, धारकाची जन्मतारीख तिच्यात असते. 70 पूर्ण झालेल्या धारकाला एक साधं मराठी पत्र जावं: आपली बंदूक आपण हयातीत वारसाच्या नावावर करू शकता, त्यासाठी हे कागद लागतील. नूतनीकरणाच्या अर्जालाच तो मजकूर जोडला तरी चालेल. शेतीसंरक्षणाचे परवाने बहुतेक वयस्कर शेतकऱ्यांकडे आहेत आणि रांगेत शेजारी जाणता माणूस भेटेलच याचा नेम नाही. ते पत्र येईपर्यंत नातवंडांनी या दसऱ्याला पूजेआधी एवढं करावं. परवान्याचा कागद काढून नाव आणि तारीख वाचावी. आजोबा असतील तर त्यांच्या शेजारी बसून पुढच्या धारकाचं नाव ठरवावं, आत्यालाही विचारावं. आजोबा गेले असतील तर बंदुकीला हात न लावता आधी पोलीस ठाण्याला फोन करावा, नळीत बार असू शकतो हे सांगावं आणि जाणकारानं तपासल्यावरच ती घराबाहेर काढावी.