शेजारी नवे दुकान उघडते तेव्हा

पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी, मिस्सा आटोपल्यावर, आमच्या परिचयाचे एक किराणा दुकानदार भेटीस आले. वाडीच्या उत्पन्नावर घर चालेनासे झाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी ओटीवरच मांडलेले हे दुकान. आज त्याला तीस वर्षे होऊन गेली. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर ते म्हणाले, "फादर, वितरक मला ज्या भावाने माल देतो, त्याहून कमी भावाने तोच माल लोकांना मोबाइलवर मिळतो. गिऱ्हाइकाला वाटते मीच लुबाडतो आहे." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "पलीकडचा आता बिलाशिवाय विकू लागला आहे. मीही तसे केले तर ते पाप होईल काय?"

त्या दिवशी आम्ही त्यांना चहा दिला, उत्तर दिले नाही. ज्याला दुकानाचे भाडे भरावे लागत नाही आणि महिनाअखेरीस कुणाचा पगार द्यावा लागत नाही, त्याने अशा प्रश्नाला झटपट उत्तर देऊ नये असे आम्हांस वाटते. परंतु प्रश्न त्या एका दुकानदाराचा नाही. आपल्या वसईपट्ट्यात एकेकाळी केळी, फुले, भाजी आणि विड्याची पाने पिकवणारी कुटुंबे आज बेकरी, केटरिंग, फॅब्रिकेशन, मंडप, शिवणकाम, वाहतूक अशा धंद्यांत आहेत. त्यांच्यापुढे रोजच हा प्रश्न उभा असतो, म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करू.

प्रथम बाहेरची परिस्थिती पाहू. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांनी ऑनलाइन व्यापारातील मोठ्या कंपन्यांच्या भाव पाडून विकण्याच्या धोरणाविषयी जाहीर चिंता व्यक्त केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये वितरकांच्या देशव्यापी महासंघाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार करून, काही मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांच्या चौकशीची मागणी केली. या कंपन्या खर्चापेक्षा कमी भावाने विकून लहान दुकानदाराला बाजारातून हुसकावत आहेत, असा महासंघाचा आरोप होता. स्पर्धेला मारण्यासाठी तोट्यात विकणे आपल्या कायद्याला मान्य नाही, हे खरे. स्पर्धा अधिनियम २००२ सालचा आहे, आणि त्यातील या संबंधीची मुख्य कलमे मे २००९ पासून अमलात आली. पण त्यात एक गाठ आहे. हा निर्बंध बाजारात वर्चस्व असलेल्या उद्योगापुरताच आहे. तीन-चार कंपन्या एकाच वेळी गुंतवणूकदारांचा पैसा ओतून तोटा सोसत असतील, तर वर्चस्व नेमके कोणाचे म्हणायचे? ही गाठ सुटेपर्यंत नाक्यावरच्या दुकानाने तग कसा धरावा, याचे उत्तर कायद्यात नाही.

धर्मसभेने या विषयावर मौन पाळलेले नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या हलाखीवर परिपत्रक काढले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९३१ मध्ये, पोप पायस अकरावे यांनी स्पर्धेचा प्रश्न थेट हाती घेतला. स्पर्धा मर्यादेत असेल तोवर ती न्याय्य आणि उपयुक्त आहे, मात्र समाजाचा सारा अर्थव्यवहार तिच्या हाती सोपवता येत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना त्या १८९१ च्या परिपत्रकाची आठवण आवर्जून करून दिली, ही बाबही आपल्या लहान व्यावसायिकांनी ध्यानात ठेवावी. थोडक्यात, स्पर्धा हे पाप नव्हे. शेजारी कुणी अधिक चांगला पाव भाजला आणि लोक तिकडे वळले, तर तुमच्यावर अन्याय झालेला नाही. तुमचा फक्त तोटा झालेला आहे. या दोहोंतील भेद मनाला पटवणे फार कठीण जाते, आणि बहुतेक घसरण तेथूनच सुरू होते.

याविषयी त्रेंत धर्मपरिषदेनंतर, १५६६ साली, निघालेल्या धर्मशिक्षणग्रंथात एक मार्मिक निरीक्षण आहे, आणि आजच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथातही ते पुन्हा घेतले आहे. दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये या आज्ञेचे विवरण करताना, ही आज्ञा पाळणे कोणाला विशेष जड जाते याची तेथे यादीच दिली आहे. टंचाई व्हावी, भाव चढावेत अशी इच्छा धरणारे व्यापारी त्या यादीत आहेत. आपल्याशिवाय आणखी कोणी विकणारा असावा, हेच त्यांना सहन होत नाही. त्यांच्या जोडीला रोगराई पसरावी असे वाटणारे वैद्य आणि खटले वाढावेत असे वाटणारे वकीलही आहेत. (धर्मगुरूंचा उल्लेख तेथे नाही. तो राहून गेला असावा, कारण शेजारच्या चर्चमधील गर्दी पाहून आमच्याही मनात काय काय येते, ते आम्हांस ठाऊक आहे.) आज्ञाभंगाची सुरुवात गल्ल्यापाशी होत नाही. समोरच्या दुकानाचे शटर आज उघडले नाही हे पाहून जो आनंद होतो, तेथे ती होते.

या आनंदाला आता नवे हत्यार मिळाले आहे. घरी केक करून विकणाऱ्या एका भगिनीने आम्हांला सांगितले की, नाताळाच्या ऑर्डरी कमी झाल्या तेव्हा घरच्याच तरुणाने तिला उपाय सुचवला. त्याच गल्लीत नव्याने केक करू लागलेल्या बाईच्या नावापुढे मोबाइलवर चार-पाच खोटे अभिप्राय टाकायचे, म्हणजे केकात केस निघाला, पोट बिघडले, असे काहीतरी. नावे बदलून टाकले की कुणाला कळणार? तिने ते केले नाही. पण मोह झाला होता, हे तिने प्रांजळपणे सांगितले, आणि तिच्या परवानगीने आम्ही ते येथे लिहीत आहोत.

खोटा अभिप्राय ही आठव्या आज्ञेची बाब आहे, हे सर्वांना समजते. जे सहसा समजत नाही ते असे की, खरा असलेला दोषही विनाकारण चव्हाट्यावर मांडणे धर्मसभेला मान्य नाही. 'त्याच्याकडचे तेल शिळे असते, मी स्वतः पाहिले आहे' हे वाक्य गिऱ्हाइकाच्या प्रकृतीच्या काळजीपोटी उच्चारले की आपला डबा खपावा म्हणून, याचे उत्तर बोलणाऱ्याला चांगले ठाऊक असते. शिवाय अशा पापाची केवळ कबुली देऊन भागत नाही, नुकसानभरपाईही करावी लागते. चोरलेले शंभर रुपये परत करता येतात. गावभर पसरलेली बदनामी घरोघर जाऊन गोळा कशी करणार? खोटा अभिप्राय निदान पुसून तरी टाकता येतो. ज्यांनी तो लिहिला असेल, त्यांनी कबुलीघराकडे येण्यापूर्वी तेवढे करावे.

आता बिलाच्या प्रश्नाकडे वळू. कर चुकवणे, खोटी बिले करणे, अन्याय्य मजुरी देणे आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवणे, या सर्वांना धर्मशिकवणीने सातव्या आज्ञेखाली, चोरीच्या सदरात, बसवले आहे. त्याच ओळीत मापात खोट करणेही येते. लेवीयाच्या पुस्तकात खरा तराजू आणि खरी वजने यांविषयी स्पष्ट आज्ञा आहे, आणि आमोस संदेष्ट्याने धान्याचे माप लहान करणाऱ्या व्यापाऱ्यांना कठोर शब्दांत फटकारले आहे. म्हणून वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा मुदतीतील शिक्का असणे, ही आमच्या मते निव्वळ सरकारी औपचारिकता नव्हे. 'पलीकडचा करतो' हे कारण आम्हांला समजते, पण त्याने हिशेब बदलत नाही. अशा वेळी त्या दुकानदाराला आम्ही काय म्हणू शकतो? एवढेच, की कर भरणाऱ्याचा तोटा खरा आहे, तो कोणी भरून देणार नाही, आणि तरीही बिल फाडावे लागेल. हे त्यांना पुढच्या भेटीत सांगितले. ते खूश झाले नाहीत.

नफ्याची सारी माहिती गिऱ्हाइकाला सांगितलीच पाहिजे काय, असाही प्रश्न पुष्कळदा येतो. संत थॉमस अक्वायनस यांनी याचे एक उदाहरण घेतले आहे. धान्य महाग असलेल्या गावी एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी व्यापारी येत आहेत, हे त्याला माहीत आहे. ते न सांगता चालू भावाने त्याने विकले तर न्यायाचा भंग होत नाही, असे संत थॉमस म्हणतात. मात्र ते सांगणे किंवा भाव उतरवणे अधिक सद्गुणाचे होईल, अशी पुस्तीही ते जोडतात. आम्हांला हा समतोल फार आवडतो. न्याय ही किमान मर्यादा आहे, आणि तिच्या वर किती चढायचे हे ज्याने त्याने ठरवावे.

एकजुटीविषयीही दोन शब्द. अलीकडे काही ठिकाणी 'आपण सगळ्यांनी मिळून एकच भाव ठरवू' अशा बैठका होतात. हेतू समजण्यासारखा असला, तरी स्पर्धकांनी संगनमताने भाव ठरवणे कायद्याला मंजूर नाही, आणि येथे वर्चस्वाची अटही नाही. लहानांची संघटनाही कचाट्यात सापडू शकते. गोव्यातील औषधविक्रेत्यांच्या संघटनेविरुद्ध स्पर्धा आयोगाने २०१२ साली निर्णय दिला. संघटनेच्या ना-हरकत पत्राशिवाय नवा स्टॉकिस्ट नेमू न देण्याची प्रथा आयोगाला स्पर्धेच्या विरोधी वाटली. नव्या माणसाला दारातच अडवणे याला एकजूट म्हणता येत नाही. एकत्र खरेदी करून खर्च कमी करणे, एकच टेम्पो तिघांनी वापरणे, अडचणीत एकमेकांना भांडवल देणे ही मात्र खरी एकजूट होय. सावकाराच्या दारी जाणाऱ्यांसाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी १९१८ साली बेसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी केली, ती याच विचाराने. वितरकाकडून एकेकट्याने घेण्यापेक्षा पाच दुकानदारांनी एकत्र माल उचलला, तर भावात काही फरक पडतो काय, हे आमच्या त्या मित्राने अजून तपासून पाहिलेले नाही. त्यांनी ते पाहावे.

'आपल्याच माणसाकडून घ्या' अशी घोषणा वेदीवरून करावी, अशी विनंती दर नाताळाला आमच्याकडे येते. आम्ही ती मानत नाही. आपल्या भाविकांनी शेजारच्या लहान दुकानदाराचा विचार करावा, हे आम्ही अवश्य सांगू. परंतु तो दुकानदार ख्रिस्ती असावा, परप्रांतातून आलेला नसावा, असे सांगणे आमच्या तोंडी शोभणार नाही. पहाटे चारला उठून दुकान उघडणारा राजस्थानचा वा उत्तर प्रदेशचा माणूस तुमच्याहून अधिक राबत असेल, तर त्यात धर्माचा प्रश्न कोठून येतो? शिवाय मोबाइलवरील माल घेऊन दारोदार धावणारी मुले कोणाची आहेत, हेही पाहावे. आमच्या संडे स्कूलमधून शिकून गेलेली तीन मुले आज पाठीवर ती पिशवी घेऊन फिरतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची दखल घेतली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. दुकानदाराचा राग कंपनीवर असावा, दाराशी उभ्या असलेल्या मुलावर नसावा.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. त्याच्या माणसांनी विहीर खणली की गरारचे गुराखी येऊन पाण्यावर हक्क सांगत. दोनदा असे झाले. दोन्ही वेळा तो तंटा सोडून पुढे गेला आणि तिसरी विहीर खणली. तिच्यासाठी कोणी भांडले नाही. ही कथा सांगून दुकानदाराला 'जागा सोड' असे सुचवण्याचा आमचा हेतू मुळीच नाही, कारण आज पुढे जायला मोकळे रान उरलेले नाही. पण इसहाक विहिरी बुजवत बसला नाही, खणत राहिला, हे लक्षात घ्यावे. घरपोच सेवा, म्हाताऱ्यांना मासिक हिशेब, सुकेळी वा घरगुती मसाला असा मोबाइलवर सहज न मिळणारा माल, यांवर टिकून राहिलेली दुकाने आपल्याच पट्ट्यात आहेत.

इतरांना एवढे सांगितल्यावर आमचा स्वतःचा हिशेबही मांडला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथील सणाच्या जेवणासाठी तीन केटरर्सची दरपत्रके आली. पॅरिश कौन्सिलने सर्वांत कमी दराचे स्वीकारले आणि त्यावर आम्हीच सही केली. पैसे वाचले म्हणून सर्वांना समाधान झाले. सणानंतर भांडी घासणाऱ्या एका बाईकडून कळले की, पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामाचे तिला नेहमीच्या निम्मेच पैसे मिळाले होते. कमी दर आला होता तो तेथून. ज्यांचे दरपत्रक आम्ही महाग म्हणून बाजूला ठेवले, ते गृहस्थ आपल्या माणसांना पूर्ण मजुरी देत होते, आणि त्याच प्रामाणिकपणापायी आम्ही त्यांना नाकारले होते. भरीस भर म्हणजे त्याच सणाच्या मंडपवाल्याचे बिल आमच्या कचेरीत चार महिने पडून होते. लघुउद्योगांविषयीचा २००६ चा कायदा नोंदणीकृत लहान उत्पादकाला व सेवा देणाऱ्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला सांगतो, आणि उशीर झाल्यास व्याजही लावतो. मंडपवाल्याने व्याज मागितले नाही. फादरांकडे कसे मागायचे, असे त्याला वाटले असावे.

त्या केटररना आम्ही पुढे भेटून झाला प्रकार सांगितला. त्यांनी हसून विषय बदलला. आमच्या सध्याच्या धर्मग्रामात यंदाच्या सणासाठी दरपत्रके मागवताना कामाला किती माणसे असतील आणि त्यांना दिवसाचे किती पैसे मिळतील, असे दोन रकाने आम्ही वाढवले आहेत. पाकिटे येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर उघडायची आहेत. किराणा दुकानदारांनाही आम्ही त्या वेळी बोलावले आहे.